नागपूरच्या उन्हाळ्यात सिगार कशा टिकवायच्या? माझे चार उन्हाळे आणि एक डबा

धंतोलीकर | ११ मार्च, रात्री ९:४०

सासरे जहाजावर इंजिनिअर होते. निवृत्तीच्या शेवटच्या फेरीवरून येताना त्यांनी पंचवीस सिगारींची एक लाकडी पेटी आणली आणि माझ्या हातात ठेवून म्हणाले, "जावईबापू, वर्षातून दोनदा आपण दोघं गच्चीवर बसू. घाई नाही, हा माल मुरला की आणखी चांगला लागतो." मी ती पेटी गोदरेजच्या कपाटात कपड्यांच्या मागे ठेवली आणि विसरलो. तेव्हा फेब्रुवारी होता.

मेच्या मध्यात पेटी उघडली. एक सिगार उचलून कानाजवळ दोन बोटांत हलकेच फिरवली तर वाळलेलं पिंपळपान चुरगळावं तसा आवाज आला. वरचं पान टोकापासून खाली बोटभर फाटलं होतं आणि पेटीच्या तळाशी तपकिरी चुरा पडला होता. सासऱ्यांनी पाहिलं. बोलले काहीच नाहीत, नुसती पेटी बंद केली. त्या दिवसापासून मी हा विषय मनावर घेतला.

घाबरून मी पुढची चूक केली. घरपोच मागवलेली एक चकचकीत काचेच्या झाकणाची पेटी घेतली (विक्रेत्याचं नाव लिहीत नाही), तिच्यातला स्पंज नळाच्या पाण्यात बुडवून आत ठेवला आणि दर चार दिवसांनी पुन्हा भिजवत राहिलो. जूनपर्यंत बरं चाललं. मृगाचा पाऊस झाला, हवा दमट झाली, मी मात्र सवयीने पाणी घालतच राहिलो. जुलैत सात सिगारींवर हिरवट-पांढरी लोकर आली. पुसून जाणारी बारीक भुकटी नव्हती ती, उभे तंतू होते. जिथून पेटवतो त्या टोकातही बुरशी शिरली होती, म्हणून सातही टाकून दिल्या.

त्यानंतरचे तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे एकही सिगार वाया गेलेली नाही. जे कळलं ते इथे लिहितोय, कारण मराठीत यावर मला काही सापडलं नाही आणि इंग्रजीत जे सापडतं ते थंड देशातल्या घरांसाठी लिहिलेलं असतं. आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली उतरते आणि दोनच महिन्यांत तीच हवा ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते.

सिगारीला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान मानवतं. आर्द्रतेचं गणित घरी जमतं, तापमानाचं एसी चोवीस तास चालवल्याशिवाय जमत नाही. म्हणून माझा भर ६५ वर. उष्ण खोलीत ७० च्या वर गेलं की बुरशीला आमंत्रण.

आता मुद्दा, आणि हा समजला तर बाकीचं आपोआप समजतं. २० अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सतरा ग्रॅम बाष्प धरते. ६५ टक्के म्हणजे अकरा ग्रॅम. माझा डबा दहा लिटरचा, म्हणजे घनमीटरचा शंभरावा भाग. डब्यातल्या सगळ्या हवेत मिळून पाणी किती? ०.११ ग्रॅम. दोन थेंब! आणि पंचवीस सिगारींत किती? एक सिगार तेरा ग्रॅमची धरली आणि तिच्यात तेरा टक्के ओलावा धरला, तर पंचवीस सिगारींत चाळीस ग्रॅमच्या वर. चहाचे आठ चमचे. पाणी तंबाखूत आहे, हवेत नाही. झाकण उघडलं आणि आर्द्रता ६५ वरून ४५ ला आली म्हणून जीव वरखाली करायचं कारण नाही. दोन थेंब गेले, तंबाखू ते अर्ध्या तासात भरून काढतो.

पण फट असेल तर? मेमध्ये खोलीत ३५ अंश आणि २० टक्के धरा, डब्यात ३० अंश आणि ६५ टक्के. डब्यातली हवा एकदा बदलली की साधारण ०.१२ ग्रॅम पाणी बाहेर. दिवसातून दहा वेळा बदलली तर सव्वा ग्रॅम. महिन्याला पस्तीस ग्रॅमच्या वर. म्हणजे एका मे महिन्यात पंचवीस सिगारींतलं जवळपास सगळं पाणी त्या न दिसणाऱ्या फटीतून निघून जातं. काचेच्या झाकणाच्या पेटीने माझं हेच केलं होतं आणि मी वरून पाणी ओतत बसलो होतो.

म्हणून आता साधा, चारही बाजूंनी क्लिप लागणारा, झाकणाला रबर असलेला प्लॅस्टिकचा डबा. नवा घेतला की साबणाने धुवायचा, दोन दिवस उघडा ठेवायचा, नाक घालून वास बघायचा. थोडाही प्लॅस्टिकचा वास आला तर तो डबा डाळीला द्या. आत जुन्या सिगारपेटीच्या लाकडाच्या पट्ट्या, आर्द्रता राखणारं बोव्हेडा कंपनीचं ६५ टक्क्यांचं, ६० ग्रॅमचं एक पाकीट आणि एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र). पंचवीस सिगारींना एक पाकीट पुरतं. हे पाकीट कमी असेल तर बाष्प देतं आणि जास्त असेल तर ओढून घेतं, त्यामुळे उन्हाळा-पावसाळा दोन्हीकडे तेच चालतं. कडक झालं, दाणे हाताला लागायला लागले की संपलं.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात उपयोगी पडली. इतवारीच्या सराफा ओळीतून ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा आणला. एका सिगारीला दोरा बांधून ती राखीव ठेवली आहे, तिला कधी ओढायचं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला ती तोलायची आणि वहीत लिहायचं. हायग्रोमीटर हवेबद्दल सांगतो, हा काटा सिगारीबद्दल सांगतो. माझी राखीव सिगार १३.३४ ग्रॅमची. गेल्या वर्षभरात ती १३.२१ च्या खाली आणि १३.४८ च्या वर गेलेली नाही.

इथे आणखी कोणी ठेवत असेल तर आपापला अनुभव लिहा.

---

कामठीवाला | ११ मार्च, रात्री १०:२५

दादा, पुरा धागा वाचला. लय कामाचा हाय. माह्याकडे धा सिगारी हायेत. दोस्त दोहाले राह्यते, तो दिवाळीत घेऊन आला होता. आमच्या घरी एसी नाही, कुलरच चालते. मले वाटे की कुलरच्या रूममधी ठेवल्या तं ओलावा आपोआप भेटून जाईन. काल पाह्यलं तं दोन सिगारी हाताले कडक लागून राहिल्या.

दुसरं म्हणजे, माहे आजोबा बिडी कारखान्यात होते. ते तेंदूपत्ता भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवत, मंग सकाळी पान नरम झालं की कैचीनं कापत. तसंच सिगारीले ओल्या फडक्यात ठेवलं तं जमते का?

---

धंतोलीकर | ११ मार्च, रात्री ११:०५

कामठीवाले भाऊ, आधी आजोबांची गोष्ट, कारण ती फार मोलाची आहे. तेंदूपान ओल्या पोत्यात ठेवतात ते कापताना आणि वळताना फाटू नये म्हणून, एका रात्रीपुरतं. बांधून झालेली बिडी मात्र शेवटी शेकून वाळवतात. बिडीला कोरडं राहायचं असतं. सिगारीचं उलट आहे, तिला आयुष्यभर तो मधला ओलावा लागतो. ओल्या फडक्यात ठेवली तर वरचं पान आधी फुगेल, आतला तंबाखू कोरडाच राहील आणि पान शिवणीवर उकलेल. हे मी करून पाहिलंय, म्हणून सांगतो. अजिबात करू नका.

कुलरचं असं. चालू असताना खोलीत ६०-७० टक्के सहज होतं, तुमचं बरोबर आहे. पण दुपारी लाईट गेली, किंवा तुम्ही दोन दिवस गावाला गेलात, की तीच खोली तासाभरात पंचवीसवर. रोजचं असं वर-खाली होणं सिगारीला एका स्थिर कोरडेपणापेक्षा वाईट, कारण पान रोज फुगतं आणि आखडतं. शिवाय ताटी जुनी झाली की तिचा कुबट वास तंबाखू लगेच धरतो. कुलरच्या खोलीत ठेवायला हरकत नाही, खोली थंड राहते तो फायदा घ्या. पण डबा बंद असू द्या आणि कुलरच्या झोतात ठेवू नका.

कडक झालेल्या दोन सिगारी गेल्या असं समजू नका. वरचं पान फुटलं नसेल तर परत येतात. डब्यात पाकिटाबरोबर ठेवा आणि दीड-दोन महिने हात लावू नका. सावकाश येऊ द्यायचं. सुगंधी तेल थोडं उडालेलं असेल, तेवढं परत येणार नाही.

---

रसायनवाली | १२ मार्च, सकाळी ७:१५

मी रसायनशास्त्र शिकवते. सिगारीशी माझा संबंध नाही, पण हायग्रोमीटरवर एवढा विश्वास ठेवताय म्हणून लिहिते. स्वस्तातले हायग्रोमीटर पाच-सात टक्के चुकीचं दाखवतात, आणि तुमचा सगळा खेळच पाच टक्क्यांचा आहे. तपासायला घरचं मीठ पुरतं.

पाण्याच्या बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या. त्यात काही थेंबच पाणी घाला, ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे, मीठ विरघळून जाता कामा नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका झिप लॉकच्या पिशवीत शेजारी शेजारी ठेवा, एकमेकांना लागू देऊ नका, आणि पिशवी बंद करून रात्रभर सोडा. संपृक्त मिठाच्या द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. खोली २० अंशांची असो की ३० ची, फरक नगण्य. सकाळी हायग्रोमीटर ७१ दाखवत असेल तर तो चार टक्के कमी सांगतो. मागे चिठ्ठी चिकटवून टाका.

तुमच्या पाकिटात हेच तत्त्व आहे. प्रत्येक क्षाराचं संपृक्त द्रावण आपापल्या ठरावीक आर्द्रतेवर हवा धरून ठेवतं. जास्त बाष्प आलं तर पाणी पितं, कमी झालं तर सोडतं. भोवती असा पडदा असतो की बाष्प आरपार जातं आणि द्रव बाहेर येत नाही. आत थोडं द्रव आणि थोडे न विरघळलेले दाणे दोन्ही आहेत तोवरच ते काम करतं.

आणि पाणी कुठेही वापरायचं झालं तर डिस्टिल्डच. आपल्या नळाच्या पाण्यातले क्षार स्पंजवर पांढरा थर धरतात. एसीचं ठिबकणारं पाणीसुद्धा नको. ते डिस्टिल्डसारखं वाटतं, पण कॉइलवरची धूळ आणि जंतू घेऊन येतं.

---

धंतोलीकर | १२ मार्च, सकाळी ८:५०

मॅडम, मनापासून आभार. आज रात्रीच लावतो.

*(दुसऱ्या दिवशीची भर: माझा हायग्रोमीटर ७८ दाखवत होता! म्हणजे तीन वर्षं मी ज्याला ६५ म्हणत होतो ते ६२ होतं. राखीव सिगारीचं वजन बरोबर होतं म्हणून निभावलं.)*

---

मुळामुठा | १२ मार्च, दुपारी १:३०

पुण्यात माझी दहा वर्षं लाकडी पेटी आहे, प्रॉपिलीन ग्लायकॉल (ओलावा धरून ठेवणारं रसायन) आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घालून स्पंज ठेवतो. एक सिगार कधी खराब झाली नाही. प्लॅस्टिकच्या डब्यात सिगार ठेवणं मला तरी पटत नाही. लाकडाचा श्वास लागतो त्याला. पेटी उघडल्यावर येणारा तो वास हाच तर अर्धा आनंद.

---

सुतारपक्षी | १२ मार्च, संध्याकाळी ६:१०

फर्निचरचं काम करतो, वडिलांपासून. लाकडाचं मी सांगतो.

मुळामुठा साहेब, तुमची पेटी चालते कारण पुण्याच्या रात्री थंड असतात. आमच्याकडे मेमध्ये रात्रीसुद्धा पारा तिशीच्या आसपास असतो. लाकूड इथे उन्हाळ्यात आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं. नागपुरात कुठल्याही जुन्या घरात जा, जुलैत दार अडकतं आणि मेमध्ये त्याच दाराच्या फळीतून उजेड दिसतो. पेटीच्या झाकणाचं तसंच होणार. सागवान त्यातल्या त्यात कमी हलतं, पण ते सिगारीजवळ नको. सागाच्या तेलाचा वास तंबाखूत उतरतो. देवदार तर नकोच, त्याचं तेल आणखी उग्र.

बाहेर ज्याला स्पॅनिश सीडर म्हणतात ते ना स्पेनचं ना देवदाराच्या जातीचं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड आहे आणि महोगनीच्या कुळातलं आहे. त्याच कुळात आपला कडुनिंब येतो, आणि आपला तूनही. तून तर इतका जवळचा की पूर्वी त्याला त्याच वंशात धरत. लाल, हलका, वास गोड. तुनाच्या फळ्या चहाच्या पेट्यांना आणि सिगारपेट्यांना वापरत. चांगली वाळलेली तुनाची फळी मिळाली तर पातळ पट्ट्या काढून डब्यात घाला. पॉलिश, वार्निश, फेव्हिकॉल काही लावायचं नाही.

ज्यांच्याकडे लाकडी पेटी आहेच त्यांनी एक करा. रात्री खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च चालू ठेवून पेटी बंद करा आणि चारही बाजूंनी फिरून बघा. उजेडाची रेघ दिसली की तिथून तुमचं पाणी चाललंय. आणि नव्या पेटीचं आतलं लाकूड ओल्या फडक्याने पुसू नका. खूप जण सांगतात, पण फळी वाकडी होते. पाकीट ठेवून दोन आठवडे सावकाश मुरू द्या, मग माल ठेवा.

---

धंतोलीकर | १२ मार्च, रात्री ९:२०

सुतारपक्षी दादा, तुनाच्या पट्ट्यांची ऑर्डर तुम्हालाच देतो, व्यक्तिगत निरोप पाठवतो.

मुळामुठा, तुमच्या पेटीचा वास मला इथे बसून कळतो, आणि लाकडाचा आनंद मी नाकारत नाही. माझ्याही डब्यात लाकूड आहेच. फक्त हवा अडवायचं काम मी लाकडाला देत नाही, ते रबराला देतो. आणि श्वासाचं म्हणाल तर पंधरा दिवसांतून एकदा झाकण दोन मिनिटं उघडं ठेवतो, तेवढं पुरतं. दोन थेंबांचा हिशेब वर दिलाच आहे.

---

सदरचे डॉक्टर | १३ मार्च, रात्री १०:००

कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. धागा आवडीने वाचला, माहिती चोख आहे, तरी एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. सिगारीचा धूर छातीत घेत नाही म्हणून ती सौम्य, असा समज आमच्याकडे येणाऱ्या सुशिक्षित रुग्णांतही असतो. सिगारीचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच शोषलं जातं. एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, सगळीकडच्या कर्करोगाची शक्यता वाढते. खर्ऱ्याने (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाने) आपल्या विदर्भाचं काय केलंय ते मी रोज ओपीडीत बघतो. घरात लहान मूल असेल तर डबा कुलपात ठेवा. तंबाखू गिळला तर लहान मुलाला विषबाधा होते.

---

धंतोलीकर | १३ मार्च, रात्री १०:३५

डॉक्टरसाहेब, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, या धाग्यात ते हवंच होतं. मी सासऱ्यांबरोबर वर्षाला दोन ओढतो, गच्चीवर, मुलं झोपल्यावर. सुरक्षित आहे असं मी कुणाला सांगणार नाही, आणि जो ओढत नाही त्याने हा धागा वाचून सुरू करू नये ही माझी खरी विनंती आहे. डबा कुलपात आहे, किल्ली माझ्या जानव्याला.

---

वर्षाचं तिखट | १४ मार्च, दुपारी २:४५

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या ह्यांनी सिगारींचा डबा स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर ठेवला होता, मसाल्याच्या बरण्यांशेजारी. काल एका सिगारीला टाचणीने टोचावं तसं गोल भोक दिसलं. आणि मला हळदीच्या बरणीत बारीक तपकिरी किडे सापडले, तिळाएवढे, हात लावला की डोकं आत ओढून मेल्यासारखे पडतात. दोन्हीचा संबंध आहे का?

---

धंतोलीकर | १४ मार्च, दुपारी ३:२०

ताई, आहे! तोच तो. इंग्रजीत त्याला सिगारेट बीटल म्हणतात, पण तो नुसत्या तंबाखूवर जगत नाही. हळद, धणे, मिरची, सुंठ, सगळं खातो. हळदीतून सिगारीत आला की सिगारीतून हळदीत गेला, ते आता सांगता येणार नाही. दोन्ही होऊ शकतं, कारण अंडी तंबाखूच्या पानात आधीपासूनच असू शकतात आणि उष्ण जागा मिळाली की उबतात. तापमान २४-२५ च्या वर गेलं की धोका वाढत जातो आणि तिशीच्या आसपास त्याचं फार जोरात चालतं. म्हणजे आपल्याकडे मार्च ते ऑक्टोबर.

आज संध्याकाळीच करा. सगळ्या सिगारी काढून पांढऱ्या कागदावर एकेक हलक्या हाताने टिचकी मारून बघा. भुकटी पडली किंवा भोक दिसलं ती टाका. उरलेल्या जाड झिप लॉकमध्ये, हवा काढून, पिशवीवर दुसरी पिशवी. आधी एक दिवस फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, मग फ्रीझरमध्ये. उणे १८-२० ला तीन-चार दिवस सांगतात, मी आठवडा ठेवतो, कारण घरच्या फ्रीझरचं दार दिवसातून वीसदा उघडतं. मग परत एक दिवस खालच्या कप्प्यात, मग पिशवी न उघडता खोलीत, आणि पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडायची. घाईने उघडलीत तर थंड पानावर दव धरेल आणि ते फाटेल.

फ्रिजमध्ये कायमच्या मात्र ठेवू नका. आतली हवा कोरडी असते आणि तंबाखू सगळे वास ओढतो. डबा मसाल्यांपासून लांब हलवा. वर्षभराच्या तिखटात आपण हिंगाचे खडे घालतो, तो वास एकदा सिगारीत बसला की निघत नाही. आणि हळद दुसरीकडे उन्हात घाला.

---

वर्षाचं तिखट | २५ मार्च, सकाळी ११:००

सांगितलं तसं केलं. अकरापैकी तीन टाकल्या. आठ ठीक आहेत. डबा आता देवघराशेजारच्या खोलीत, ह्यांच्या पुस्तकांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात. हळद टाकून दिली, मन घेईना.

---

धंतोलीकर | २७ मे, रात्री ११:३०

नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) सुरू झालाय, म्हणून अनुभव ताजा असताना लिहून ठेवतो.

खोलीत दिवसभर ३४-३५ अंश आहे. आर्द्रतेची मला काळजी नाही, डबा ६५ वर आहे (दुरुस्त केलेला ६५). काळजी उष्णतेची. म्हणून गेल्या वर्षीपासून एप्रिल ते जून डबा एका मोठ्या आइस बॉक्समध्ये ठेवतो, सहलीला नेतात तो, ५० लिटरचा. त्यात रोज रात्री फ्रिजमधल्या पाण्याच्या दोन बाटल्या घालायच्या आणि सकाळी बदलायच्या. आत २४ ते २६ राहतं. घरातला जिन्याखालचा कोनाडा, जिथे ऊन कधीच पोचत नाही, तिथे हा बॉक्स.

यात एक चूक जीवघेणी आहे, म्हणून तपशिलात सांगतो. पहिल्या वर्षी मी सिगारी सरळ आइस बॉक्समध्ये ठेवल्या होत्या आणि शेजारी थंड बाटली. दुसऱ्या दिवशी बाटलीखाली पाण्याचं तळं. २५ अंश आणि ६५ टक्के असेल तर १८ अंशांच्या खालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं, आणि फ्रिजमधली बाटली चार-पाच अंशांची असते. हे पाणी येतं कुठून? सिगारींतून. म्हणजे बाटली सिगारी वाळवत होती आणि तळ ओला करत होती. त्यामुळे सिगारी बंद डब्यात, डबा आइस बॉक्समध्ये, आणि बाटल्या डब्याच्या बाहेर, जुन्या टॉवेलात गुंडाळून. डब्याला चिकटवून नाही.

आज सकाळी राखीव सिगार तोलली. १३.२९.

नागपूरच्या महाल भागात, जुन्या शुक्रवारीत ज्यांचे मातीच्या जाड भिंतींचे वाडे अजून उभे आहेत त्यांना हे काही करायची गरज नाही. माजघरातल्या फडताळात ठेवा. माझ्या मित्राच्या वाड्यात मेमध्ये भर दुपारी आतल्या खोलीत २९ दाखवत होतं, कुलरशिवाय.

---

मुळामुठा | २८ मे, सकाळी ९:१०

पेटीला टॉर्च लावून बघितलं. मागच्या बिजागरीशी रेघ आहे. दहा वर्षांत कळलं नव्हतं. पाकीट मागवलंय.

---

कामठीवाला | १९ ऑगस्ट, रात्री ९:५५

दादा, सांगायचं राहून गेलं. डबा घेतला, पाकीट टाकलं, मिठाची टेस्ट पण केली, माहा हायग्रोमीटर दोन टक्के कमी सांगते. उन्हाळाभर डबा कुलरच्या रूममधी खाटेखाली होता. आता बाहेर चार दिवसांपासून झड लागून राह्यली, भिंतीले ओल हाय, पण डब्यात ६६. त्या कडक दोन सिगारी आता दाबल्या तं बोटाखाली बरोबर दबतात. पाकीट थोडं फुगलं वाटते, ते बदलावं लागन का?

---

धंतोलीकर | १९ ऑगस्ट, रात्री १०:१०

नाही भाऊ, पावसाळ्यात ते पाणी ओढून फुगतंच. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेच पाणी परत सोडेल. फक्त झाकणाचं रबर एकदा काढून पुसून घ्या, खोबणीत ओल धरली असेल. आणि आजोबा आहेत का अजून? असतील तर त्यांना विचाराल का, कारखान्यात तेंदूपत्त्याची पोती पावसाळ्यात जमिनीपासून किती उंच ठेवत?

---

कामठीवाला | २० ऑगस्ट, सकाळी ८:३०

आजोबा हायेत, नव्वदीचे हायेत. म्हणते, "फळ्यायवर ठेवत, हातभर उंच, अन् भिंतीले टेकू देत नव्हते." माहा डबा भिंतीले टेकून होता. सरकवला.